पावण्यांना न दिसलेली म्हैस

पंखा फुल स्पीडला फिरतोय. पाती दिसतच नाहीत, नुसतं गोल धुरकट तबक दिसतंय. आणि खाली चहाची बशी धरून बसलेलं कोणीतरी म्हणतं, "दुसऱ्या पात्याचा एक स्क्रू ढिला आहे."

तुम्ही हसाल. मीही हसलो. पण आण्णांनी पंखा बंद केला, स्टुलावर चढले, बोट लावलं आणि स्क्रू सरळ त्यांच्या हातात आला.

"ह्याला म्हणायची नजर!" आण्णा म्हणाले.

फिरत्या पंख्याचा स्क्रू एखाद्याला दिसतोच कसा? हा प्रश्न खरं तर मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. त्यामुळे पुढे माझी चांगलीच फजिती झाली, ती सांगतो.

मी सम्मेद मगदूम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. खाली वर्कशॉप, वर घर. मालक म्हणजे आमचे वडील, आण्णा. आणि स्क्रू ओळखणारे ते आमचे पावणं. दुसऱ्या ग्रहावरचे. आता चंद्राला आठवड्यातून दोनदा गाडी सुटते म्हटल्यावर त्यात काही नवल राहिलेलं नाही. पाहुणा योजनेत बऱ्याच गावांत असे एकेक पावणं राहायला आलेत. आमच्याकडच्यांचं खरं नाव म्हणजे तीन शिट्ट्या आणि एक उचकी. आईला शिट्टी जमत नाही, म्हणून पावणं. उंचीला माझ्या खांद्याएवढे, करवंटीएवढे दोन डोळे, आणि मराठी एकदम पुस्तकातली.

आईचे भलते लाडके. एक तर ते खोलीतला दिवा कधी लावत नाहीत. शिवाय गुळावरच्या माश्या ते उडता उडता चिमटीत धरतात, तांदळातले खडे वेचावेत तशा, आणि खिडकीबाहेर सोडून देतात. एकही मरत नाही. आम्ही जैन. आई खूशच.

आता माझं. बारावी झाली होती आणि मला अॅनिमे (जपानी पद्धतीची, चित्रांतून हलणारी फिल्म) करायचं होतं. बघायचं नाही, करायचं. शिकवायला कोणी नव्हतं. फिल्म थांबवायची, चित्र उतरवायचं, परत थांबवायची, असं करत शिकलो. पुण्याच्या एका स्टुडिओने 'दोन वर्षं शिकायला ये' म्हणून कळवलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. आणि आण्णांनी माझ्यासाठी रोबो-वेल्डिंगचा डिप्लोमा मनात पक्का करून ठेवला होता.

"हालचालीतली मधली चित्रं आता मशीनच काढतंय म्हणं," आण्णा म्हणाले. "मग तू तिथं काय, मशीनला चहा देणार?"

"मुख्य चित्रं माणूसच काढतो, आण्णा."

"पगार?"

"सुरुवातीला कमी. काम रगड."

खोटं कशाला बोलू? मी त्या धंद्यातल्या लोकांचं जेवढं ऐकलं होतं, त्यात पाठदुखी आणि जागरणं सगळ्यांच्याच वाट्याला होती.

आण्णा चिडले नाहीत. तेच जास्त अवघड असतं, ते चिडले की मलाही चिडता येतं. ते म्हणाले, "मला त्यातलं कळत न्हाई रं. माझं पोर म्हणून मला सगळंच चांगलं दिसणार. पावण्यास्नी दाखव. त्यांच्या नजरेला पटलं तर जा पुण्याला. मी आडवा येणार न्हाई."

मी तर उडालोच. एवढी तेज नजर, आणि ती माझी फिल्म बघणार!

रविवारी वर्कशॉप बंद असतं. भिंतीवरच्या स्क्रीनवर मी फिल्म लावली. सहा सेकंदांची. रंकाळ्याच्या पाण्यातून एक म्हैस बाहेर येते, मान झटकते, शेपटी फटकारते आणि चिखलाचा शिंतोडा थेट बघणाऱ्याच्या तोंडावर येतो. बस, एवढंच. पण अख्खी सुट्टी त्या शेपटीत गेली होती. आई दरवेळी बघताना पदर तोंडासमोर धरते.

पावणं बघत राहिले. फिल्म संपली.

"चित्रे सुंदर आहेत," ते म्हणाले. "म्हैस केव्हा हलते?"

"हलली की आत्ता!"

"नाही. एक म्हैस होती. ती बराच वेळ उभी होती. मग ती गेली आणि दुसरी आली. मग तिसरी. पुष्कळ म्हशी आहेत. सर्व स्थिर."

आईला हसू फुटलं, पण माझं तोंड बघून तिने ते गिळलं. आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग फरशीकडे.

"ऱ्हाऊ दे, सम्या," ते म्हणाले. आवाजात 'बघ, सांगितलं होतं' असं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

मी मागे गॅसच्या टाक्यांपाशी जाऊन बसलो. रडलो पण. कशाला लपवू!

थोड्या वेळाने पावणं आले आणि शेजारी बसले.

"मी आपले नुकसान केले का?"

"नाही हो. तुम्ही दिसलं ते सांगितलं."

"मला इथले पुष्कळ काही समजत नाही. तुमच्या घरातील दिवा सारखा का विझतो, हेही विचारायचे होते. भिडेपोटी विचारले नाही."

"कुठे विझतो?"

"विझतो, लागतो, विझतो, लागतो. माझे डोके दुखते. म्हणून मी तो लावत नाही."

मी नाक पुसलं.

घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते आणि काही दिवे तेवढ्याच वेळा लुकलुकतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आपल्याला ते दिसत नाही. कारण आपल्या डोळ्याची लुकलुक-मर्यादा (एका सेकंदात किती लुकलुकी वेगवेगळ्या ओळखता येतात तो आकडा) साधारण पन्नास-साठच्या घरात असते. त्याच्यापुढे सगळं मिसळतं आणि दिवा एकसारखा लागलाय असं वाटतं. माशीची मर्यादा दोनशेच्याही वर आहे. म्हणून तर आपण कितीही झपकन हात मारला तरी तिला तो सावकाश येताना दिसतो आणि ती निवांत उडून जाते.

आणि पावणं तर तिलाच चिमटीत धरतात!

"पंखा जोरात फिरताना तुम्हाला पाती मोजता येतात?" मी विचारलं.

"अर्थात. तीन आहेत." मग ते दचकले. "तुम्हाला येत नाहीत?"

"आम्हाला नुसतं तबक दिसतं."

"अरेरे," पावणं म्हणाले. त्यांना माझी खरोखर दया आली होती.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या ग्रहावर वाऱ्याबरोबर खडे उडतात, गोळीसारखे. ज्याला खडा येताना दिसला तो वाचला. अशा हजारो पिढ्या गेल्या आणि डोळे असे झाले, डोळ्यांमागचा मेंदूही तसाच चपळ झाला.

"मग माझी म्हैस तुम्हाला दिसणार कशी!" मी ओरडलोच. खडू घेतला आणि टाकीवर दोन शेपट्या काढल्या, एक खाली, एक वर. "हे बघा. फिल्ममध्ये काहीच हलत नसतं. सेकंदाला चोवीस फ्रेम (पडद्यावर एका वेळी दिसणारं एक चित्र) येतात. अॅनिमेत तर पुष्कळदा एकच चित्र तीन फ्रेमपर्यंत तसंच ठेवतात. म्हणजे सेकंदाला नवी चित्रं आठच. ह्या चित्रात शेपटी खाली, पुढच्यात वर. मधली शेपटी मी काढलेलीच नाही."

"मग ती कुठे असते?"

"बघणाऱ्याच्या डोक्यात."

ह्याला आभासी हालचाल (पडद्यावर नसलेली, मेंदूने जोडून घेतलेली हालचाल) म्हणतात. आधीचं चित्र डोळ्यात रेंगाळतं म्हणून हालचाल दिसते, असं पूर्वी सांगायचे. मीही बरीच वर्षं तेच धरून बसलो होतो. पण नुसतं रेंगाळलं असतं तर एकावर एक दोन शेपट्या दिसल्या असत्या ना? खरी जोडणी मेंदू करतो. जवळजवळ सारखी दोन चित्रं पटकन पाठोपाठ आली की तो ठरवून टाकतो, म्हैस तीच, शेपटी हलली. फक्त 'पटकन' पाहिजे. आपल्या मेंदूला सेकंदाला आठ चित्रं पटकन वाटतात. पावण्यांना आठ म्हणजे लग्नाच्या अल्बमचं एकेक पान उलटायचं आणि मध्ये उठून चहा करून यायचा.

"म्हणजे मला ही म्हैस कधीच दिसणार नाही," पावणं हळूच म्हणाले.

मला एकदम वाईट वाटलं. पुणं, डिप्लोमा, सगळं बाजूला राहिलं. ह्यांना म्हैस दाखवायची, बस.

जास्त चित्रं भरावीत? पण माझी स्क्रीन तेवढी भरभर चालतच नाही. मग उलटं. नजरच मंद करता आली तर?

"पावणं, तुमची नजर कधी सावकाश होते का?"

"संध्याकाळी. मला संध्याकाळ आवडत नाही. रंकाळ्यावरचे उडते बगळे एकमेकांत विरघळतात. परवा मी पायरी चुकलो."

सापडलं!

नळाची धार बारीक असली की तांब्या भरायला वेळ लागतो. डोळ्याचं तसंच. प्रकाश कमी असला की त्याला तो जास्त वेळ गोळा करत बसावं लागतं, आणि लुकलुक-मर्यादा खाली येते. तुमचीही येते, माझीही. पावण्यांची जर पुरेशी खाली आणता आली...

मी धावत आत गेलो. खिडक्या लावल्या, शटर ओढलं, स्क्रीन मंद केली.

"अजूनही पुष्कळ म्हशी," पावणं म्हणाले. "परंतु आता जरा दाटीने उभ्या आहेत."

शटरच्या फटीत पोती कोंबली. स्क्रीन ह्याहून मंद होईना.

"काय चाललंय रं?" आण्णा जिन्यात उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"आण्णा, पावण्यांची नजर लई तेज आहे, तीच अडचण आहे. अंधार पाहिजे. अजून."

मी त्यांना सगळं सांगितलं, तांब्यासकट. आण्णांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग खिळ्यावरच्या वेल्डिंगच्या काचेकडे बघितलं आणि मान हलवली. "ही नको. ठार काळोख हुईल, कायच दिसायचं न्हाई." कपाट उघडून त्यांनी गॅस कटिंगची काच काढली. जरा हलकी, हिरवट. "ही बघू. पावणं, एक डोळा झाका. सम्या, लाव तुझी म्हस."

काच त्यांनी स्वतः धरली, पावण्यांच्या डोळ्याला लावून.

मी फिल्म लावली. पावण्यांची मान हळूहळू पुढे झाली. म्हैस पाण्यातून वर आली तशी तीही वर आली. आणि शेपटी फटकारली तसे ते असे काही खाली वाकले की स्टुलावरून पडता पडता आण्णांनी दंड धरला.

"तुमच्या म्हशीने माझ्या तोंडावर चिखल उडवला!"

त्यांनी गाल पुसला. हात बघितला. कोरडा.

"चिखल नाही," ते म्हणाले.

"नाहीच. तुमच्या डोक्यात आहे."

"पुन्हा लावा."

पुन्हा लावली. पुन्हा वाकले. माहीत असून वाकले! आई जिन्यात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "अहो पावणं, पदर देऊ का माझा?"

किती वेळा लावली कोण जाणे. शेवटी पावणं म्हणाले, "आमच्याकडे सर्वांना सर्व काही दिसते. त्यामुळे न काढलेली शेपटी दाखवावी, असे कधी कोणाला सुचलेच नाही. आमच्या मुलांसाठी अशी म्हैस करता येईल का? काचेवाचून?"

"येईल की. पण तुमच्या डोळ्यांना किती चित्रं लागतात, त्यातली कोणती सोडून चालतात, ते सगळं नव्याने शोधावं लागेल." मी आण्णांकडे बघायचं टाळलं. "मला अजून एवढं येत नाही. शिकावं लागेल."

आण्णांनी शटर वर केलं. ऊन आत आलं तसे पावण्यांनी डोळे बारीक केले.

"मधलं मशीन काढतंय," आण्णा पाठमोरेच म्हणाले. "पण काय काढायचं न्हाई, ते कोण ठरवतंय?"

"ज्याला बघणाऱ्याचा डोळा कळतो तो."

"हं."

त्यांनी काच शर्टाच्या टोकाने पुसली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. पुण्यातबी कोणतरी पावणं भेटतील. मी दुसरी आणीन."

आण्णा दोन पायऱ्या चढले, थांबले, वळले.

"आणि म्हशीचा डावा कान हलत न्हाई रं तुझ्या. मी कवापास्नं बघतोय. चिखलातनं वर आली की माशी बसणार, माशी बसली की कान हलणार. तेवढं शिकून घे तिथं."