कोपराखालचा हात

सोमवारची सकाळ म्हणजे पट्ट्यांची तपासणी. सिस्टर वही काखोटीला मारून शुश्रूषागृहाच्या हॉलमध्ये यायची आणि चाकांच्या आठही खुर्च्या ओळीने लावून घ्यायची. आधी ब्रेक, मग पाय नीट टेकलेत का, मग कमरेचा पट्टा. तो खाली, कमरेच्या हाडांवर बसायला हवा आणि आत दोन बोटं जातील एवढाच सैल. पट्टा साधाच होता. चार बोटं रुंद, पोटावर दोन टोकं एकमेकांना चिकटणारी, वरच्या टोकाला पिवळी कडी. कडी ओढली की चर्र आवाज करून सुटायचा.

"काका, उघडा बघू."

"किती वेळा?"

"तीनदा. नियम आहे."

"लग्नाआधी सासऱ्यानेही एवढी परीक्षा घेतली नव्हती हो!"

तिन्ही वेळा उघडला तर वहीत बरोबरची खूण. नाही उघडला तर पट्टा काढायचा, कारण ज्याला तो स्वतः सोडवता येत नाही त्याच्यासाठी ते बांधून ठेवणंच. माणूस खाली घसरला आणि पट्टा गळ्याशी आला तर सुटणार कसा? सव्वीस वर्षांच्या नोकरीत कितीतरी नव्या मुलींना तिने हे घोकून घोकून शिकवलं होतं. आणि तरी तो एक अपराध तिच्याच हातून झाला होता.

सात नंबरच्या खुर्चीत तिची थोरली बहीण बसायची. शेवटच्या महिन्यांत ताईचे हात लाकडासारखे झाले होते. पट्टा काढला तर ती पुढे कोलमडायची, आणि दिवसभर शेजारी बसायला माणूस नव्हता. म्हणजे पलंग आणि छत. "मला आडवं नको गं करूस," ताई म्हणायची. "एकदा आडवं झालं की संपलं." म्हणून तपासणीच्या वेळी सिस्टर तिच्या कोपराखाली तळहात लावायची आणि अगदी थोडा उचलायची. चर्र. बरोबरची खूण. बघणाऱ्याला कळायचंही नाही.

एका सोमवारी, खूण केल्यावर चार तासांनी, जेवणाच्या गडबडीत ताई खुर्चीत घसरली. एक वाजून दहा मिनिटांनी सापडली तेव्हा पट्टा गळ्याशी होता आणि पिवळी कडी मुठीत घट्ट धरलेली होती. कोपर तेवढं वर गेलं असतं तर सुटली असती. सगळ्यांनी नशिबाला बोल लावला. सिस्टरने तोंडातून ब्र काढला नाही. त्या दिवसापासून तिला स्वतःची किळस येत होती.

महिन्याभराने सात नंबरला मास्तर आले. निवृत्त शिक्षक, पक्षाघाताच्या झटक्यानंतर दोन्ही हात लुळे पडलेले. "यांना काही जमणार नाही," फिजिओ मॅडम म्हणाल्या, "पण रीत म्हणून विचारून घ्या."

सिस्टर मुद्दाम लांब उभी राहिली. वही तिने दोन्ही हातांनी धरली होती. "मास्तर, उघडा बघू."

मास्तरांचं उजवं कोपर हळूच वर गेलं. कोपर आधी, हात मागून लोंबकळत. बोटं कडीत अडकली. चर्र. पुन्हा. पुन्हा.

मॅडमनी टाळ्याच वाजवल्या. "सिस्टर, तुमच्या हाताला गुण आहे हो!"

मास्तर हसले नाहीत. "कोपराला कोणी धरलं?" त्यांनी विचारलं. "गार होता हात."

त्यानंतरच्या तीन सोमवारी, ज्यांची बोटंही हलत नव्हती अशा आणखी चौघांनी पट्टा उघडला. दर वेळी कोपर आधी. दुपारी वही मिटलेली असताना सिस्टरने मास्तरांना पुन्हा विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, पण हात मांडीवरच राहिला.

"ऐकत नाही हो," ते म्हणाले. "सकाळी तो मी नव्हतोच."

तिने पट्टे काढले. मॅडमनी ते परत लावले. तिने वहीत फुल्या मारल्या. मॅडमनी वही उघडून स्वतः तपासणी घेतली आणि सगळेच पास झाले. आता जेवणाच्या वेळी सिस्टर घास घेईना. ती या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे फिरत राही. दोघांना तिने घसरताना धरलं. एका माणसाने किती जणांना पुरायचं?

शेवटी एका सोमवारी दुपारी, बाकीच्यांना जेवणघरात नेल्यावर, तिने हॉलमध्ये मॅडमना सगळं सांगून टाकलं. कोपर, तळहात, खोटी खूण.

"तुम्ही फार मनाला लावून घेतलंय," मॅडम म्हणाल्या.

"मास्तर अंघोळीला गेलेत. मला बसवा सात नंबरला आणि घ्या तपासणी. मी हात हलवणार नाही. तरी पट्टा उघडला तर आज सगळ्यांचे पट्टे काढायचे. शब्द द्या."

मॅडमनी तिचं मन राखायला मान हलवली. पट्टा लावला, वही उघडली.

"सिस्टर, उघडा बघू."

तिने हात सैल सोडले. श्वास धरला.

कोपराखाली गार तळहात आला. तो तिने लगेच ओळखला. लहानपणी रस्ता ओलांडताना हाच हात तिचं कोपर धरायचा.

चर्र.

"ताई, पुरे," ती म्हणाली.

चर्र. चर्र.

"उघडलात की तुम्हीच!" मॅडम हसल्या. त्यांनी खूण केली, तपासणीनंतर लावतात तसा पट्टा परत नीट लावला आणि वही शेजारच्या टेबलावर ठेवली. जेवणाची घंटा झाली. "या तुम्ही सावकाश. मी सगळ्यांना जेवायला बसवते."

दार लागलं.

सिस्टरने कडी मुठीत धरली. ओढायला गेली. हात जागचा हलला नाही.

हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. पलीकडे ताटं वाजत होती. तिथे सात खुर्च्या होत्या, सात पट्टे, आणि घसरणाऱ्याला धरायला मध्ये फिरणारं कोणी नव्हतं.

ती बोटभर खाली घसरली. मग आणखी थोडी.

कोपराखाली आता कोणी नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. टेबलावरच्या वहीत सात नंबरपुढची खूण अजून ओली होती.