अस्थिपंचांग

सन २०६२ उजाडेपर्यंत राज्यातल्या बायकांचं दारावर आपटणं जवळजवळ बंद झालं होतं. कपाटाचा कोपरा लागणं आणि म्हशीने ढुशी मारणं हेही फार कमी झालं होतं. याचं श्रेय दारांना किंवा म्हशींना नव्हतं. ते अस्थिपंचांग नावाच्या यंत्राला होतं.

हाडाला मार बसला की पुढे कितीही वर्षं गेली तरी तो कधी बसला ते हे यंत्र तारखेनिशी सांगे. तसा कायदाच झाला होता: हाड मोडून आलेल्या प्रत्येक बाईचं पंचांग काढायचं आणि त्याची छापील पट्टी समुपदेशकाकडे द्यायची. समाजाने या विज्ञानाचं स्वागत आपल्या पद्धतीने केलं. पत्रिका जुळवणं मागे पडलं आणि मुलीकडचे मुलाच्या आईचं पंचांग मागू लागले. ते कोरं निघालं तर घराणं चांगलं. काही घरांत मात्र मोडलेला हात दवाखान्यात न नेता घरीच कामट्या बांधून बरा करण्याची जुनी विद्या पुन्हा शिकली जाऊ लागली. तिची आकडेवारी अर्थातच कुणाकडे नव्हती.

केतकी गव्हाणे जिल्ह्याच्या रुग्णालयात समुपदेशन कक्षाची प्रमुख होती. वय चोपन्न. मार खाऊन आलेल्या बाईशी कसं बोलावं, हे राज्यभरातले पोलीस, नर्स आणि शिक्षक तिने लिहिलेल्या पुस्तिकेतून शिकत. पुस्तिकेचं वैशिष्ट्य असं, की तिच्यात कुणाचं मत नव्हतं. प्रत्येक सूचना हजारो बायकांच्या अनुभवावर घासून पाहिलेली होती. जी टिकली नाही ती काढून टाकली होती. त्यात केतकीची स्वतःची आवडती सहा पानं गेली होती.

त्या मंगळवारी यंत्राच्या टेबलावर तिची आई होती. ज्योत्स्नाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार बार्शी, उजवं मनगट मोडलेलं.

“मावशी, हलू नका. दोन मिनिटं,” यंत्र चालवणारे डॉ. तौफिक मुजावर म्हणाले. यंत्रामागची बरीचशी गणितं त्यांनीच मांडली होती, त्यामुळे कुणी विचारायच्या आधीच ते समजावून सांगत. “मनगटाचं सोडा, ते प्लास्टर करतील. आम्ही भरून आलेली जुनी हाडं बघतो.”

“जुन्याचं काय करायचं आता?”

“अहो, गंमत आहे त्यात! हाडाला तडा गेला की शरीर तिथे गिलावा करतं. गवंडी करतो तसाच. आता गिलाव्याला पाणी लागतं. ते कुठलं? तुम्ही त्या दिवसांत प्यायलात ते. पाण्यात हलका आणि जड असे दोन प्रकारचे ऑक्सिजन असतात. पाऊस, ऊन, धरणातली पातळी, याप्रमाणे त्यांचं प्रमाण रोज थोडं थोडं बदलतं. बार्शीच्या पाण्याची चाळीस वर्षांची रोजची नोंद आहे माझ्याकडे. गिलाव्यातलं पाणी तिच्याशी जुळवायचं, की झालं.”

ज्योत्स्नाबाईंनी मान वळवली. “म्हणजे नुसता मार दिसतो ना? दिवस नाही ना दिसत?”

“दिवसच तर दिसतो! फार तर दोन दिवस इकडेतिकडे.”

“सगळे?”

“हाडापर्यंत पोचलेले सगळे.”

त्या हळू आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर, मार राहू द्या हवं तर. तारखा तेवढ्या खोडता येतील का?”

मुजावरांना असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. बायका मार लपवायला बघत. तारखांचं कुणाला काही नसे.

“मम्मी, असं का म्हणतेस?” शेजारी उभ्या असलेल्या केतकीने विचारलं.

“काही नाही गं. उगीच कागद लांबतो.”

पट्टी बाहेर आली. कागद खरोखरच लांब होता.

नियमाप्रमाणे ती पट्टी केतकीने सहकाऱ्याकडे द्यायला हवी होती. नात्यातलं प्रकरण आपण हाताळायचं नाही, हा नियम तिनेच लिहिलेला. ती पट्टी घेऊन आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

एकोणीस नोंदी होत्या. बरगडी, बरगडी, करंगळी, खांद्याचं हाड, पुन्हा बरगडी.

पप्पा तोंडाने वाईट आहेत, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ताट भिरकावलेलं तिने पाहिलं होतं, एकदा थप्पडही पाहिली होती. म्हणून नोकरी लागल्यापासून तिने एक रिवाज पाळला होता. बार्शीला गेली, की निघताना बॅग खांद्याला लावून, उंबऱ्यात उभी राहून ती पप्पांना खडसावायची. कायदा सांगायची, कलमं सांगायची. पप्पा मान खाली घालून ऐकायचे. “बरं बाई, चुकलं माझं,” म्हणायचे आणि तिला एसटीत बसवून यायचे. नंतर फोनवर मम्मी सांगायची, “तू बोलून गेलीस ना, की अगदी गप्प असतात बघ.” ही केतकीच्या आयुष्यातली पहिली यशस्वी केस होती. प्रशिक्षणात नावं न घेता ती तिचं उदाहरणही द्यायची.

पहिली नोंद ३ जून २०३८. मामाच्या घराची वास्तुशांत. केतकी दोन तारखेला निघाली होती. दुसरी त्याच वर्षीची, ती दिवाळीला येऊन गेल्यानंतरची. तिसरीच्या वेळी ती फक्त आधारकार्ड न्यायला दुपारभर गेली होती. तरी उंबऱ्यात पाच मिनिटं बोलली होतीच. फोनमधल्या प्रवासाच्या नोंदी काढून ती एकेक तारीख लावत गेली. २०४४ ते ४६ पट्टी कोरी होती. त्या तीन वर्षांत ती परदेशी शिकायला गेली होती. विषय होता, कौटुंबिक हिंसेतला प्रभावी हस्तक्षेप.

आजचं मनगट पट्टीत नव्हतं, पण त्यासाठी यंत्राची गरजही नव्हती. ती रविवारी बार्शीला जाऊन आली होती.

तिच्या पुस्तिकेत चौदावी सूचना अशी होती: ‘मारणाऱ्याला जाब विचारून निघून जाऊ नका. तुम्ही निघून जाता, ती तिथेच राहते.’ चार हजार बायकांवर तपासलेली. आज तिला हे वाक्य कुणा परक्या माणसाने लिहिल्यासारखं वाटलं. त्यात चूकही काढता येत नव्हती.

वॉर्डात मम्मी प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसली होती. केतकीने स्टूल ओढलं. पट्टी तिच्या हातात होती.

“जुळवल्यास तारखा?” मम्मीने विचारलं.

“हो.”

“तुझी अक्कलच फार. लहानपणीही गणितं सोडवल्याशिवाय जेवायची नाहीस.”

“मम्मी, एकदा तरी सांगायचंस.”

“सांगून? तू यायची बंद झाली असतीस.”

केतकीने पट्टीची गुंडाळी केली.

“वर्षातून एकदा-दोनदा येतेस,” मम्मी म्हणाली, “डबे करते, तुझ्या उशीला नवा अभ्रा घालते. त्याच्या बदल्यात एक बरगडी गेली तर जाऊ दे म्हटलं. माझा हिशोब होता तो. तुला कशाला त्यात घ्यायचं?”

“आता माझ्याकडे चल.”

“आणि? ते तुझ्या दारात येतील. तू बोलशील.” ती जरा हसली. “तुला गप्प बसवत नाही, केतू.”

“बसेन गप्प. तुझी तक्रार नोंदवते, आजच.”

“माझी सही लागते ना त्याला?”

लागत होती. निर्णय त्या बाईचाच, ही पुस्तिकेतली पहिली सूचना होती.

“आज नको,” मम्मी म्हणाली. “डोकं चालत नाही. हात दुखतोय. बघू.”

“मग आठ दिवस इथे वॉर्डात राहा. मी रोज येईन. त्यानंतर तू म्हणशील तसं.”

मम्मीने चादरीवरची सुरकुती डाव्या हाताने सारखी केली. “आठ दिवस? तू रोज?”

“रोज.”

“राहते की. तेवढंच माहेरपण. पण ते ऐकणार नाहीत. आणि तू काही बोलू नकोस हं त्यांना. एक अक्षर नको.”

बाहेरच्या बाकावर पप्पा बसले होते. एक्क्याऐंशी वर्षांचे, इस्त्रीच्या सदऱ्यातले. मांडीवर रुमाल पसरून मोसंबी सोलत होते. केतकीला पाहताच त्यांनी मान खाली घातली, नेहमीसारखी. ती बोलायला लागेल म्हणून वाट बघत राहिले.

ती शेजारी बसली.

“काय निघालं गं यंत्रात?”

“विशेष काही नाही, पप्पा. वय झालंय तिचं. हाडं ठिसूळ झालीत.”

पप्पांनी वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं. ते सापडलं नाही, तसे त्यांचे खांदे सैल झाले.

“मी सांगतच असतो तिला, जपून चाल म्हणून,” ते म्हणाले.

“आठ दिवस इथेच ठेवावं लागेल. डॉक्टर म्हणतात.”

“राहू दे राहू दे. तू आहेस ना, मग काळजी नाही.” त्यांनी मोसंबीची एक फोड सोलून, बी काढून, तिच्यापुढे धरली. “घे. गोड आहे.”

केतकीने ती घेतली आणि त्यांच्यादेखत खाल्ली.