सहाशेचा फोटो

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

मी एका शिलाई कारखान्याच्या ऑफिसात होते. जिन्याखालची खोली, एक कॉम्प्युटर. काम काय, तर फोटो काढायचे आणि लहान करून कारखान्याच्या पेजवर टाकायचे. कॅमेऱ्यातला फोटो सहा हजार पिक्सेल रुंद असायचा. मी तो हजारावर आणायचे.

त्या मंगळवारी सकाळी अकराला सगळ्या बायकांचा फोटो काढला. आतच, मागच्या दारापुढे, तीन रांगांत. टोकाला बटणताई. बटणांच्या मशीनवर बसायची म्हणून हे नाव. दात पुढे होते, त्यामुळे फोटोत कधी हसायची नाही.

मी म्हटलं, "हस की गं! लहान करणार आहे मी, दात दिसायचे नाहीत."

ती हसली.

दुपारी दोनला आग लागली.

बाकीच्या पुढच्या दाराने निघाल्या. बटणताईचं मशीन मागच्या दाराशी होतं... ती तेवढी राहिली.

मालक ज्याला त्याला सांगत सुटले, "दार उघडंच होतं हो. घाबरली बिचारी, तिला सुचलं नाही."

फोटोत त्या दाराला कुलूप होतं. आतून लावलेलं. मोठं करून पाहिलं की स्पष्ट दिसायचं.

मालक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "तिची आठवण म्हणून पेजवर टाक. पण सहाशेचा कर. आणि त्याच फाइलवर सेव्ह कर."

मूळ फोटोवर मी जन्मात कधी सेव्ह केलं नव्हतं. आमच्या कामातलं ते पापच. नोकरी जाईल म्हणून केलं. कुलपाच्या जागी एक राखाडी ठिपका उरला.

दोन दिवसांनी बटणताईची थोरली बहीण आली.

"ताई, त्या दिवशीचा मोठा फोटो द्या ना. मेलेल्या माणसाला लोक वेडी म्हणतायत. त्या दाराला कुलूप असायचं, ती रोज सांगायची मला."

"एवढाच आहे," मी म्हणाले.

ती जायला वळली. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ताई."

ती गेली. आणि भिंतीपलीकडून आवाज आला...

खट. खट. खट. खट.

नवं बटण घेतलं की बटणताई ते मशीनच्या पाटावर चारदा आपटायची. सवय तिची. पण भिंतीपलीकडे आता मशीन नव्हतं. नुसती काजळी होती.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. रुंदी... नऊशे.

मी परत सहाशे केली.

तिसऱ्या दिवशी दोन हजार.

लहान केलेला फोटो परत मोठा होत नाही. ताणला तर धूसर होतो. हा लख्ख होता. फक्त रांगेच्या टोकाची जागा रिकामी होती...

ती मागे गेली होती. आपल्याकडे पाठ. हात कुलपावर.

माझी पाचावर धारण बसली. मालकांना दाखवलं, तर ते ओरडले, "बघत काय बसलीस? लहान कर!"

मी केला. पुढचे चार दिवस हेच. रात्रीत तो वाढायचा, सकाळी मी लहान करायचे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या डोळ्यांदेखत सहा हजारांचा झाला. दार, कुलूप, सगळं स्वच्छ. बटणताई मात्र त्यात कुठेच नव्हती.

वरच्या मजल्यावरून आवाज आला...

खट. खट. खट. खट.

वर मालकांची केबिन. मग दारावर धडका सुरू झाल्या. "उघडा! दार उघडा कोणीतरी!" अख्ख्या ऑफिसने ऐकलं. आमचे क्लार्ककाका धावत वर गेले. त्यांनी दाराला नुसता हात लावला.

दार उघडंच होतं.

मालक आत पडले होते. गेले होते. दहाही बोटांची नखं निघाली होती.

त्या संध्याकाळी मी तो मोठा फोटो बटणताईच्या बहिणीला पाठवला. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? थोड्या वेळाने तिचा मेसेज आला.

"मिळाला. आता कोणी तिला वेडी म्हणणार नाही. पण ताई, दाराच्या वरच्या काचेत फोटो काढणारी दिसतेय. तुम्हीच ना? तुम्ही कॅमेऱ्यात बघत नाही आहात...

तुम्ही कुलपाकडे बघताय."

हो. मला त्या सकाळीच दिसलं होतं. त्याच्या आधीही रोज दिसायचं. मी मूग गिळून बसले होते.

नोकरी सोडली. घरातल्या आतल्या दारांच्या सगळ्या कड्या नवऱ्याकडून काढून घेतल्या. तो हसला, पण त्याने काढल्या.

तरी आज दुपारी स्वयंपाकघराचं दार ओढलं, तर उघडेना. पलीकडून चार ठोके आले, मग उघडलं.

रोज थोडा जास्त वेळ लागतोय.