झाकण मिटल्यावर

"ज्या गाढवानं हा रिपोर्ट लिहिलाय ना काका, तो मला एकदा भेटू दे," असं म्हणत मी लॅपटॉप काउंटरवर जवळजवळ आपटलाच.

दुरुस्तीवाले काका चष्म्यावरून बघत राहिले. जुने लॅपटॉप विकायचे आणि विकलेले दुरुस्त करायचे हा त्यांचा धंदा, त्यामुळे गिऱ्हाइकाचा राग त्यांना रोजचाच. दुकानात माझ्याशिवाय एकच माणूस होता. ओली छत्री पायाशी टेकवून तो केबल निवडत होता. एकेक केबल उजेडात धरून, भाजी निवडावी तशी.

माझ्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. "म्हणे सगळं चालतं. स्क्रीन चालते, वायफाय चालतं, झोप चालते. झाकण मिटलं की हा झोपतो तो उठतच नाही. कुंभकर्ण बरा, ढोल बडवल्यावर तरी उठायचा. आणि खाली नाव काय, तर कासव."

त्या माणसानं हातातली केबल हळूच खाली ठेवली.

"ते गाढव... मीच," तो म्हणाला. "म्हणजे, कासव."

काका एकदम कामाला लागले. काही काम नसताना.

मी एवढी का भडकले होते ते सांगते. माझी ताई बातमीदार आहे. मागच्या वर्षी कोणीतरी तिच्या पिशवीतून वही लांबवली आणि त्या वहीत ज्याचं नाव होतं, त्याची नोकरी आठवड्यात गेली. तेव्हापासून मी तिच्या मागे लागले होते, वही सोड म्हणून. लिनक्सवर उभी असलेली एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे, खास सुरक्षेसाठी केलेली. तिच्यात प्रत्येक काम वेगळ्या बंद खोलीत चालतं. एका खोलीत चोर शिरला तरी बाकीच्या खोल्या शाबूत. पण ही बया मोठी नखरेल, प्रत्येक लॅपटॉपशी तिचं पटेलच असं नाही. म्हणून लोक आपापल्या लॅपटॉपवर ती टाकून बघतात आणि काय चालतं, काय अडतं याचा रिपोर्ट सगळ्यांसाठी एका यादीत ठेवतात. त्या यादीतला कासवाचा रिपोर्ट वाचून मी ताईसाठी काकांकडून नेमकं तेच मॉडेल घेतलं होतं.

गुरुवारी कारखान्यातली एक बाई ताईशी दोन तास बोलली. तिची मैत्रीण यंत्रात सापडून गेली होती, त्याबद्दल. ताईनं सगळं एका टाकाऊ खोलीत टाइप केलं. ती खोली बंद झाली की मागे काहीच उरत नाही, म्हणून ती सगळ्यात सुरक्षित. बाईला पाणी द्यायला ताई उठली, जाताना झाकण मिटलं. परत येऊन उघडलं तर काळी स्क्रीन. शेवटी बटण दाबून बंद करावा लागला आणि दोन तासांचं बोलणं गेलं ते गेलंच. बाई आता एकदाच बोलायला तयार होती, उद्या रविवारी चार वाजता. ताई मला एका शब्दानं बोलली नाही. तिनं फक्त नवी वही विकत आणली.

"तुम्ही हा झोपवून तरी बघितला होता का?" मी विचारलं.

"रोज झोपवतो. चार वर्षं." त्यानं पिशवीतून आपला लॅपटॉप काढला. मॉडेल तेच, कडा घासून पांढऱ्या झालेल्या. झाकण मिटलं, ओठांतल्या ओठांत दहा मोजले, उघडलं. स्क्रीन लगेच उजळली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "म्हणजे माझाच मेला नाठाळ?"

"तसं नाही म्हणत मी. काहीतरी फरक असणार. शोधू या?"

"शोधू या? काम काय करता तुम्ही?"

"ग्रंथालयात असतो. तिथले कॉम्प्युटरही मीच बघतो."

"मग पुस्तकंही न वाचताच चांगली म्हणून सांगता का लोकांना?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "काही काही."

मला हसू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. काकांनी मागचं टेबल मोकळं करून दिलं. दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले, सुरू होतानाच्या सेटिंगची पानं उघडली आणि तो एकेक ओळ वाचायला लागला. मी माझ्या स्क्रीनवर बघून "तेच" म्हणायचं. तो वाचायचा सावकाश, नावाला जागून. तेच. तेच. बाहेर पाऊस भुरभुरत होता, त्याच्या बाहीला ओल्या कापडाचा वास येत होता, आणि माझं कोपर त्याच्या कोपराला लागलं तेव्हा त्यानं एक ओळ दोनदा वाचली.

"ही झाली वाचून," मी म्हटलं.

"हो... हो का?"

चौथ्या पानावर मी "तेच" म्हटलं नाही. झोपेचे दोन प्रकार होते, जुना आणि नवा. त्याचा जुन्यावर होता, माझा नव्यावर.

तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्याचे कान लाल झाले. "हे मीच बदललं होतं. घेतला त्याच आठवड्यात. नंतर विसरलो. मला वाटत होतं, हा असाच येतो."

"तुम्हाला वाटत होतं." माझा आवाज चढला. "जे सांगताना ती बाई तीनदा रडली, ते तिला उद्या पुन्हा पहिल्यापासून सांगायचंय. तुम्ही एक ओळ लिहायची विसरलात म्हणून."

सॉरी म्हणाला असता तर मी त्याला तिथंच फाडून खाल्लं असतं. तो "हो" एवढंच म्हणाला.

त्यानं माझी सेटिंग बदलली आणि मी झाकण मिटून दहा मोजायला लागले, तसा त्यानं हात आडवा केला. "दहानं काही कळत नाही. तीन तास झोपवू. मी थांबतो." मग जरा अडखळत विचारलं, "ताईंना देण्याआधी तुम्ही... किती वेळ झोपवून बघितला होता?"

मी झाकणावरची नसलेली धूळ पुसली.

खरं सांगायचं तर एकदाही नाही. वायफाय बघितलं, माइक बघितला, आणि झोपेच्या रकान्यासमोर कासवाचं "चालते" वाचून पुढे गेले. ताईला मात्र छातीठोक सांगितलं, मी स्वतः सगळं तपासलंय. गुरुवारपासून मी ज्याला शिव्या घालत होते त्याचं निम्मं पाप माझ्या पदरात होतं, आणि ते मला गुरुवारपासूनच माहीत होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"मी बघितलाच नव्हता," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले आणि त्याचा मला भयंकर राग आला.

आता हा टोमणा मारणार, असं वाटलं. त्यानं खिशातून घडी केलेला रुमाल काढून टेबलावर ठेवला, माझ्याकडे न बघता. "ताईंना सांगायला मीही येतो. शिव्या वाटून घेऊ."

तीन तास आम्ही मिटलेल्या झाकणासमोर बसलो. त्यात दोनदा भांडलो. "अरे, मशीन झोपलंय, हळू भांडा," काका म्हणाले. चार वाजता मी झाकण उघडलं. झोपवण्याआधी लिहून ठेवलेली ओळ जिथल्या तिथं होती.

संध्याकाळी घरी ताईनं आम्हा दोघांना समोर बसवून धुतलं. "यानं लिहिलं, तू वाचलंस, आणि तोंडघशी पडले मी. तपासलंय म्हणताना जीभ कशी गं वळली तुझी?" तो म्हणाला, "ताई, उद्या वही न्याच. पण हा लॅपटॉपही न्या." ताई त्याला न्याहाळत म्हणाली, "निदान हा तरी खरं बोलतो."

रविवारी सहा वाजले तरी ताईचा पत्ता नव्हता. आम्ही दोघं आमच्या जिन्यात बसलो होतो. तो मांडीवर लॅपटॉप घेऊन नवा रिपोर्ट लिहीत होता आणि त्याच्या सावकाश टाइप करण्यानं माझं डोकं उठलं होतं. तेवढ्यात ताई आली. चेहरा दमलेला. तिनं पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. कोरी.

"बाई मध्ये दोनदा उठली. मी दोनदा झाकण मिटलं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा उठला." आणि जिना चढायला लागली. मागे न वळता म्हणाली, "राग गेलेला नाही माझा."

त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. झोपेच्या रकान्यात लिहिलं होतं: मूळ सेटिंगवर चालत नाही. बदलल्यावर चालते, तीन तास तपासलं, दोघांनी. आधीचा रिपोर्ट चुकीचा, चूक माझी.

"ठीक आहे?"

"दोघांची," मी म्हटलं. त्यानं खोडून दुरुस्त केलं. मग हात कळांवरच ठेवून थांबला.

"मला तुम्ही... आवडता."

मला वाटलं होतं तेवढा राग आला नाही. थोडा आला.

"किती वेळ तपासलंय?"

"काल दुपारपासून."

"मग तेवढंच म्हण," मी म्हटलं. "काल दुपारपासून आवडतेस. त्याच्यापुढचं एक अक्षर नको."

"आणि पुढचं?"

"त्यासाठी रोज यावं लागेल."

तो हसला. लॅपटॉपचं झाकण त्यानं मिटलं आणि या वेळी मोजलं नाही.