वैजूआत्याने घातलेलं कडं

मृण्मयीच्या हातात हिरवा चुडा काही चढेना. कासारीणबाईंनी दोनदा साबण लावला, पंजा दाबून पाहिला आणि शेवटी हात सोडून दिला.

"ते कडं काढ की गं आधी. बांगड्या त्याला अडकायल्यात."

ते कडं साधं नव्हतं. कागदोपत्री त्याचं नाव ऑक्सिताणमापक, पण विट्याच्या त्या घरात सगळे त्याला गंजकडं म्हणत. मृण्मयीच्या आजारात शरीराची राखण करणारी फौज आपल्याच पेशींवर उलटते. त्या धुमश्चक्रीत लोखंडासारखा रक्तालाही गंज चढतो, रक्त चिकट होतं आणि त्याच्या गुठळ्या धरतात. गुठळी वारेत धरली, की पोटातल्या बाळाचं अन्नपाणी तुटतं. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात तसंच झालं होतं. या वेळी कडं त्वचेतून प्रकाश सोडून दर पाच मिनिटांनी गंज मोजत होतं आणि त्यावरून डॉ. तांबोळी रोजच्या इंजेक्शनची मात्रा ठरवत होत्या. सातवा लागला होता, यातच सगळं आलं.

"आत्या, हे जरा सांभाळ गं. तासभर चालतंय काढलेलं."

वैजूआत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोहाळजेवणाचा सगळा स्वयंपाक तिचा, पण ओटी भरणाऱ्या पाचजणींत ती नव्हती. तिला कोणी बोलावलं नाही आणि तीही पुढे झाली नाही. तीन मुलं पोटातच गेल्यावर 'हिचा पायगुण वाईट' म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, त्याला तीस वर्षं झाली. लोक ते विसरले होते. तिने मात्र ते शब्द स्वतःच्याच मनात जपून ठेवले होते.

ओट्यावर जिकडेतिकडे पीठ आणि तेल, म्हणून तिने कडं हातात घातलं. खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. पोटुशी असलेल्या पोरीच्या हातातली वस्तू आपल्या हातात कशी दिसते, ते तिला एकदा बघायचं होतं. पदराखाली हात झाकून तिने कटाची आमटी ढवळली, पुरणाची कढई उतरवली. पाऊण तासाने चुडा भरून झाला, तेव्हा कडं पुसून तिने मुकाट्याने परत दिलं. मृण्मयीने ते चुड्याच्या वर, कोपराकडे सरकवलं.

ओटीचा पहिला नारळ पदरात पडतो न पडतो, तोच मृण्मयीच्या आईचा, रोहिणीचा, कड्याशी जोडलेला फोन कर्कश वाजला. 'गुठळीचा तीव्र धोका. जादा मात्रा ताबडतोब द्या.' कडं तासाभराच्या नोंदी एकत्र करून मगच बोलायचं. मधल्या वेळात ते दुसऱ्या हातात जाईल, हे बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या घरी बांगड्या भरायचा कार्यक्रम कधी झाला नसावा.

रोहिणीने घाईघाईने सुई भरली. मृण्मयी पोटावर हात ठेवून पांढरीफटक बसली होती.

"थांब रोहिणी!" आत्या दारातूनच ओरडली. "मी घातलं हुतं ते. पाऊण तास. मी शिवायलाच नको हुतं. माझाच दोष लागला गं लेकराला!"

"वन्सं, काय केलंत हे!" रोहिणी रडकुंडीला आली.

मृण्मयीने मात्र आईचा हात धरला आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉ. तांबोळींनी सगळं ऐकून घेतलं.

"सुई खाली ठेवा आधी. हा आकडा मृण्मयीचा नाही. नको असताना ही मात्रा गेली असती, तर रक्तस्राव आवरला नसता. कडं नव्याने सुरू करा, पहिली नोंद ते पाच मिनिटांत दाखवतं."

मृण्मयीने कडं बंद करून पुन्हा सुरू केलं. पाच मिनिटांनी त्यावर हिरवा ठिपका उमटला, धोका नव्हता. रोहिणीने नणंदेचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आता फोन आत्याबाईंना द्या, तो धोक्याचा आकडा त्यांचा होता," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला कधी दिवस गेले होते?"

"तीनदा. तिन्ही पोटातच गेली. पाचवा-सहावा महिना."

"पाय सुजतो?"

"डावा. लई वर्सं झाली."

"उद्या सकाळी या, वेळ घालवू नका, पायातही गुठळी असू शकते. तपासणीशिवाय मी ठाम बोलणार नाही. पण हा आजार कधी कधी एकाच घराण्यात उतरतो. भाचीला आहे तोच तुम्हालाही असावा, अगदी तरुणपणापासून. औषधाने तो आवरतो."

आत्याने फोन दोन्ही हातांत धरला होता. तिला खूप रडू आलं, आणि खूप हलकंही वाटलं.

"मंजी... रक्त हुतं ते? पायगुण न्हवं?"

"पायगुण मोजायचं यंत्र कुणी काढलेलं नाही, आत्याबाई. कारण तसलं काही नसतंच."

मृण्मयीने पदर पसरला. "आत्या, ये. पाचजणी असल्या तरी चालंल, सहावी तू."

आत्याने ओल्या हातांनीच नारळ उचलला. चालताना डावा पाय जरा ओढत होता, आज तो सगळ्यांना दिसला. नारळ पदरात घालताना ती मधेच थांबली, सुरूच असलेल्या फोनकडे वळली आणि लहान मुलीसारखं विचारलं, "डॉक्टरीणबाई, तवा हे कडं असतं, तर तिघांतलं एखादं तरी ऱ्हायलं असतं का हो?"