फिरती कडी आणि पैनगंगेचा डोह

पैनगंगेत महाशीर उरला आहे की नाही, हे महामायाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. नांदेडच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवी. नदीकाठची म्हातारी माणसं त्या माशाच्या गोष्टी रंगवून सांगत, पण अलीकडे तो पाहिलेला कुणी भेटत नव्हता. म्हणून सुट्टी लागताच धाकट्या भावाला, अश्वजितला घेऊन ती किनवटच्या जंगलात उतरली. मासा धरायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. त्याला इजा होऊ नये म्हणून गळाचा उलटा काटाही तिनं घासून टाकला होता.

सागाच्या रानातून घसरत-सावरत दोघं डोहाशी पोहोचले. दोन्हीकडे काळे कातळ आणि मधे हिरवं, गाढ पाणी.

पहिल्याच फेकीला घोळ झाला. दोरीच्या टोकाचा चकचकीत चमचा, म्हणजे गळ जोडलेला पत्रा, माशाला भुलवायला पाण्यात गरगर फिरे, आणि त्याच्याबरोबर दोरीलाही पीळ बसे. तो बसू नये म्हणून दोरी आणि चमचा यांच्या मधे स्विव्हल, म्हणजे फिरती कडी असते. पण बारकी पितळी कडी लावूनही दोरीचा गुंता झाला.

"ताई, ही मोठी लाव," अश्वजित म्हणाला. "महाशीर लई ताकदीचा असतो."

मोठी लावली. तिच्या वजनानं चमचा थेट तळाशी गेला, खडकात अडकला आणि तुटून गेला. आता एकच चमचा उरला होता.

महामाया कातळावर बसली. "मोठीत ताकद हाय रे. पण ओढ बसल्यावर कडी फिरती का?"

तिनं पाण्यानं भरलेली बाटली पहिल्या पितळी कडीखाली टांगली आणि गिरकी दिली. कडी जागच्या जागी अडली. पीळ वर दोरीत चढला. मग बारीक छऱ्यांवर फिरणारी स्टीलची कडी बांधली. बाटली अलगद गरगरली. दोरी सरळच राहिली.

"एवढुशी?" अश्वजित म्हणाला.

"ओझ्याखाली फिरून राहिली बघ."

तिसऱ्या फेकीला गळाची काठी वाकली. रीळ किंचाळलं. मासा खोल गेला, वळला, पुन्हा धावला! दोरीला पीळ नव्हता. बऱ्याच वेळानं तो थकून काठाशी आला. अश्वजितनं गुडघाभर पाण्यात उतरून जाळी खाली घातली. सोनेरी खवले चमकले.

तेवढ्यात पाणी गढूळ झालं. नदीच्या वरच्या अंगाला कुठंतरी पाऊस पडला असावा. बघता बघता ते अश्वजितच्या कमरेला लागलं.

"ताई, पाय कपारीत अडकला."

महामायानं कमरेच्या सुरीनं दोरी कापली, काठी टाकली आणि उडी घेतली. "जाळी उलटी कर! मासा जाऊ दे!"

शेपटीचा एक तडाखा, आणि महाशीर गेला. पाणी छातीला आलं. तिनं बुडी मारली, चाचपडत बुटाची नाडी कापली, पाय ओढला. सुटला! मुळं धरत, खरचटत दोघं वर आले. जाळी अजून अश्वजितच्या मनगटाला लटकत होती.

"फोटो राहिला, ताई," तो कुडकुडत म्हणाला.

महामायानं आधी त्याचा पाय चाचपून पाहिला. हाड शाबूत होतं. मग तिची नजर जाळीवर गेली. दोन गाठींमधे एक मोठा, कडेला सोनेरी खवला अडकला होता. तिनं तो उन्हाकडे धरला. आत झाडाच्या बुंध्यात असतात तशी बारीक वर्तुळं दिसत होती.

"वय किती असंल रे त्याचं?" असं म्हणत, ओल्या कपड्यांनीच, ती वर्तुळं मोजायला बसली.