बेसवाल्याचं तारण

मी ट्रामची कंडक्टर. नोव्हेंबरची रिपरिप चालू होती आणि अख्ख्या बुडापेस्टला ओल्या लोकरीचा वास येत होता. अशात एक उंच, चिंब भिजलेला माणूस स्वतःपेक्षा मोठं धूड मागच्या दारातून आत कोंबू लागला.

"अहो, घर बदलताय की काय?"

"डबल बेस आहे. जॅझ वाजवतो मी."

"काहीही वाजवा. हिचं वेगळं तिकीट पडेल."

"हिचं?" तो हसला. "तुम्ही तरी ओळखलंत! बाकी सगळे हिला कपाट समजतात."

"जागा अडवते आणि तोंडातून शब्द काढत नाही... तुमचं बरं जमत असेल."

"जमतं हो. पण तिला तुमच्यासारखं रागावता येत नाही."

मी मान फिरवली, तरी कानापर्यंत लाल झालेच.

मग तो माझीच ट्राम पकडू लागला. त्याचं नाव बेनेडेक. एरवी हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी तेच ते टँगो ओढायचा आणि शुक्रवारी एका तळघरात मनासारखं वाजवायचा. तिथं त्यानं मला पहिल्यांदा नेलं, तेव्हा मी जॅझला नाक मुरडतच गेले होते. त्याची बोटं त्या जाड तारांवर पडली आणि मी नाक मुरडायचं विसरले. डोळे मिटून वाजवणारा हा माणूस हॉटेलात कुजतोय, हे त्या दिवशी मला कळलं. मी त्याच्यावर जीव टाकून बसलेय, हेही कळलं.

ईस्टरच्या सोमवारी आमच्याकडे पुरुष घरोघरी जाऊन मुलींवर अत्तर शिंपडतात, मुली त्यांना रंगवलेलं अंडं देतात. शेजारपाजारचे सगळे येऊन गेले. मी त्या कोलन-अत्तराच्या वासानं गुदमरले, पण ज्याची वाट बघत होते त्याचा पत्ता नाही! दुपार टळल्यावर आला, तोही हात हलवत.

"बाटली कुठाय? लाज नाही वाटत?"

"इल्का... माझ्याशी लग्न करशील? याच महिन्यात?"

"एवढी कसली घाई?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "स्टॉकहोमच्या एका बँडनं बोलावलंय. पण पासपोर्ट ऑफिसातले लोक एकट्या माणसाला देश सोडू देत नाहीत. बायको इथं अडकली की नवरा परत येतो, असं त्यांना वाटतं."

"म्हणजे मी तारण."

त्यानं कबुलीची मान हलवली.

"आणि प्रेमबिम काही आहे की नाही?"

"आहे ना! तीच तर पंचाईत आहे. नसतं तर कुणालाही विचारलं असतं."

मला रडू येत होतं आणि त्याला चार शब्द सुनवायचेही होते. मी आत गेले, आईची कोलनची बाटली आणून त्याच्या हातात कोंबली. "आधी शिंपड. रीत म्हणजे रीत." त्यानं ती घाईघाईनं अशी उपडी केली की अर्धी बाटली माझ्या मानेवरून ओघळली. मी त्याला उरलेलं शेवटचं लाल अंडं दिलं... आणि तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

लग्नात आईनं कोंबडीचा रस्सा केला, बँडवाल्यांनी यथेच्छ वाइन ढोसली. सगळे म्हणत होते, नवरी काय खुलून दिसतेय! दिसणारच. मला हवा तोच नवरा मिळाला होता. फक्त तो राहणार नव्हता.

स्टेशनवर तो खिडकीतून वाकला. "ख्रिसमसला येतो. नक्की."

"इकडं येऊन काय करणार आहेस? टँगो?"

"इल्का, असं नको ना बोलूस..."

"मी गंमत करत नाहीये, बेनेडेक. तिकडं जमलं तर येऊ नकोस. मी अडवणार नाही."

त्यानं 'वेडी आहेस का' म्हणायला हवं होतं. मी त्याच्या ओठांकडे बघत उभी होते. त्यानं माझा हात ओढून ओठांना लावला, बराच वेळ धरून ठेवला आणि काहीच बोलला नाही. तेव्हाच मला कळलं. गाडी हलली.

दोन ख्रिसमस गेले. पासपोर्ट ऑफिसातला माणूस अधूनमधून घरी येऊन विचारतो, "तुमचा नवरा कधी परततोय?"

"येईल की," मी सांगते. "त्याची बायको इथं आहे ना."

त्याला ते पटतं. कधी कधी मलाही पटतं.